दप्तरात चाकू सापडला. आता शाळेच्या फाटकावर मेटल डिटेक्टर?

तापीकाठ (मंगळवार, रात्री ९:४०)

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःवर वेळ आली म्हणून धागा काढतोय. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, त्यापुढे काही सांगत नाही. शाळा पाचवी ते दहावी, साडेसहाशेच्या आत-बाहेर पोरं, निम्मी खेड्यांवरून एसटीनं येतात. मी शाळा व्यवस्थापन समितीत पालकांच्या बाजूनं आहे. धंदा कृषी केंद्राचा, त्यामुळे बियाणं-खताचं विचारा, या विषयात मी कोरा.

गेल्या आठवड्यात नववीतल्या एका पोराच्या दप्तरात चाकू निघाला. भाजी चिरायचा नव्हे. बटण दाबलं की पातं बाहेर येतं तो, काळ्या मुठीचा. भूगोलाच्या पुस्तकाला खाकी कव्हर घातलेलं, त्या कव्हरात आतून सरकवलेला. मुख्याध्यापकांनी टेबलावर ठेवला तेव्हा किमतीचं स्टिकर अजून मुठीवर होतं, नखानं अर्धं खरवडलेलं. पोरगं कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या बापाला मी ओळखतो, माझ्याकडून उधारीवर बियाणं नेतो.

समितीच्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरला दहावीच्या पोराला वर्गातल्याच पोरानं भोसकलं, ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादला आठवीच्या पोरानं दहावीतल्याला. दोन्ही पोरं गेली. हे सगळ्यांच्या मोबाइलवर आलेलं आहेच. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, फाटकावर मशीन बसवून टाकू, विमानतळावर असते तशी. केळीच्या ट्रकांचे मालक असलेले एक पालक निम्मा खर्च द्यायला तयार आहेत. शनिवारी ठराव आहे. माझं मत काही ठरेना. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

भरीतपुरी (मंगळवार, रात्री १०:०५)

यात विचार काय करायचा? बसवा. माझी दोन लेकरं जळगावात शाळेत आहेत. मॉलमध्ये जाताना पर्स उघडून दाखवतो, कोर्टात जाताना दाखवतो, मग जिथं लेकरं सहा तास असतात तिथंच काय अडतं? बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ ला सरकारनं एका महिन्यात शाळांत सीसीटीव्ही लावा म्हणून जीआर काढला, तेव्हाही लोक म्हणत होते कॅमेऱ्यानं काय होणार. निदान धाक तरी राहतो.

जिभाऊ_शिरपूर (मंगळवार, रात्री १०:३१)

तापीकाठ भाऊ, मशीन बसाडीसन काय व्हई? आमना गावनी शाळानी मांगली भित पडेल शे, तठून बठ्ठा पोऱ्या बोरं खावाले जातस. ज्याले चाकू लई येवाना शे तो काय मोठा दरवाजावरतीन सलाम ठोकीसन येई का?

(आहिरानीमाच लिखस, माफी करा. शुद्ध लिखाले बसनू का शाळाना मास्तर आठवतस.)

भरीतपुरी (मंगळवार, रात्री १०:३८)

जिभाऊ, भिंत बांधून घ्या की मग! मशीन नको म्हणायला भिंतीचं कारण कशाला?

खाकी_निवृत्त (बुधवार, सकाळी ६:५०)

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत मिळून एकतीस वर्षं पोलिसात नोकरी केली, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट. त्या मुलाचं, शाळेचं, गावाचं नाव इथं लिहिलं नाहीत हे योग्य केलंत. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ हेच सांगतं. पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाकूचा फोटो फिरला असणार आणि खाली कोणीतरी नावही टाकलं असणार. ते आजच काढायला लावा.

दुसरी. असा चाकू सापडला की शाळा दोनपैकी एक करते. एकतर मुख्याध्यापक कपाटात टाकून विषय मिटवतात, नाहीतर गावभर बोभाटा करून पोराला दाखला हातात देतात. दोन्ही चूक. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याला कळवा. लोकांना वाटतं कळवलं की पोराच्या हातात बेड्या. तसं नसतं. अतिगंभीर गुन्हा असेल किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला असेल, तरच अल्पवयीनावर एफआयआर होतो. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. लॉकअपमध्ये तर ठेवताच येत नाही.

तिसरी, शस्त्र कशाला म्हणायचं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, त्यातून घरातली, शेतीतली हत्यारं वगळलेली. या मापाखालचा चाकू जवळ बाळगला म्हणून लगेच शस्त्र कायदा लागत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा बंदी आदेश जिल्ह्यात चालू असेल तर लागतो, आणि सणासुदीला तो बहुतेक चालूच असतो. तलवारीनं वाढदिवसाचा केक कापून रील टाकणारी पोरं यातच अडकतात.

आणि आपला पट्टा कोणता ते विसरू नका. चोपड्याच्या वर, सीमेपलीकडे मध्य प्रदेशात उमर्टी आहे. गावठी कट्टा पकडला की निम्म्या वेळा पंचनाम्यात ते नाव येतं. शाळेत कट्टा येईल असं मी म्हणत नाही. पण चाकू आला कुठून, कोणी विकला, हे पोराला शांतपणे विचारायला हवं. ते मशीन विचारत नाही.

मंडपवाला (बुधवार, दुपारी २:१५)

मेटल डिटेक्टरच्या चौकटी, ज्यातून माणूस चालत जातो त्या, आम्ही भाड्यानं देतो. गणपती, सारंगखेड्याची यात्रा, पुढाऱ्यांच्या सभा. विकणाऱ्याचं ऐकण्याआधी वापरणाऱ्याचं ऐका.

चौकटीच्या दोन खांबांत तारेची वेटोळी असतात. एका बाजूनं चुंबकीय क्षेत्राचे ठोके सुटतात. मध्ये धातू आला की त्या धातूत बारीक प्रवाह फिरतो, त्याचं उलट क्षेत्र दुसऱ्या बाजूला कळतं आणि दिवा लागतो. धातू कमरेशी आहे की घोट्याशी, तेवढं दिव्याच्या उंचीवरून समजतं. तो चाकू आहे की चावी, हे तिला कळत नाही. काच, ॲसिडची बाटली, टणक प्लास्टिक तर तिच्या हिशेबात नाहीच. आणि चौकट माणसासाठी असते. दप्तर बाजूला काढून हातानं उघडावं लागतं, नाहीतर एक्स-रेचं वेगळं यंत्र, त्याचा खर्च लाखांत.

शाळेचं फाटक लोखंडी, त्यावर पत्र्याची कमान. चौकट त्यापासून लांब ठेवली नाही तर दिवसभर आपोआप कोकलते. फाटक हललं की कोकलते. जमीन उंचसखल असली आणि पोरांनी धक्का मारला की कोकलते. लाईट गेली तर बॅटरी. ती बॅटरी दुसऱ्या वर्षी कोण बदलणार, ते आत्ताच ठरावात लिहून घ्या.

आता हिशेब करा. एका पोराला पाच सेकंद धरा. ६४० पोरांना ३२०० सेकंद, म्हणजे ५३ मिनिटं. तेही मशीन एकदाही न वाजता.

ठराव करण्याआधी एक दिवस वापरून बघा. माझी चौकट या आठवड्यात मोकळी आहे, शाळेसाठी भाडं घेणार नाही. टेम्पोचं डिझेल तेवढं द्या.

खटक्यावर_बोट (बुधवार, दुपारी ३:०२)

आमच्या वेळी मास्तर दोन कानाखाली द्यायचे, कोणाच्या दप्तरात चाकू नव्हता. कायद्यानं हात बांधले आणि पोरं शेफारली. बाकी सगळी बडबड.

भरीतपुरी (बुधवार, दुपारी ३:२०)

आमच्या वेळी वर्गातल्या एकानं कर्कटक दुसऱ्याच्या मांडीत खुपसलं होतं, आणि मास्तरांनी दोघांनाही दोन-दोन कानाखाली दिल्या होत्या. मांडीचा वण अजून आहे. मांडी माझ्या नवऱ्याची.

अमळनेरकर_टेक्सास (गुरुवार, सकाळी ८:४५)

इथं येऊन चौदा वर्षं झाली. मुलगी सातवीत. ज्या देशाकडं बघून आपण मशीन बसवायला निघालोय, तिथलं थोडं.

मे २०२२ मध्ये आमच्याच राज्यात युवाल्डीला १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. मारणारा ज्या दारानं आत शिरला ते दार ओढून घेतलेलं होतं, पण त्याचं कुलूप लागलंच नव्हतं. जिभाऊंची पडकी भिंत वाचून तेच आठवलं. त्यानंतर डॅलसच्या शाळांनी मोठ्या वर्गांना पारदर्शक दप्तरं सक्तीची केली, २०२३ मध्ये राज्यानं प्रत्येक शाळेत सशस्त्र अधिकारी ठेवायचा कायदा केला. मिनेसोटातल्या रेड लेकला २००५ मध्ये दारावर डिटेक्टर होता आणि रक्षकही होता, बिनहत्यारी. आलेल्या पोरानं त्या रक्षकालाच पहिली गोळी घातली आणि तो आत गेला.

न्यूयॉर्क शहरात मात्र डिटेक्टर १९८८ च्या सुमारापासून आहेत आणि दरवर्षी त्यांत चाकू-सुरे सापडतात, हेही खरं. भरीतपुरी ताई, तुमचं म्हणणं अगदीच मोडीत निघत नाही.

अलीकडं एआयवाली नवी यंत्रं विकतात. थांबायला नको, डबा-बाटली आपोआप ओळखतं, असं सांगतात. न्यूयॉर्क राज्यात एका शाळेत ऑक्टोबर २०२२ मध्ये सात इंची सुरा अशा यंत्रातून पार झाला आणि एक विद्यार्थी भोसकला गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांच्या फसवणुकीवर नजर ठेवणारी अमेरिकी सरकारची संस्था) त्या कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल धरलं आणि काही शाळांना करार मोडायची मुभा मिळाली. तुमच्या अध्यक्षांकडं कोणी असलं माहितीपत्रक घेऊन आलं तर एवढं सांगा.

मला स्वतःला एक जुना अभ्यास जास्त महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधले ३७ शाळाहल्ले तपासले, २००२ मध्ये अहवाल आला. ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याआधी निदान एका माणसाला तरी त्याच्या मनातलं ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेले बहुतेक त्याचे सोबतीच होते. मोठ्यांपर्यंत ते पोचलं नाही.

तापीकाठ, तुमच्याकडं तो चाकू सापडला कसा, हे तुम्ही लिहिलंच नाही.

सातपुड्यातून (गुरुवार, रात्री ९:१०)

धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे, रेंज मिळाली की लिहितो. आमच्याकडे पालक पोराला भेटायला येतात ते खांद्यावर कुऱ्हाड, कधी तीरकामठा घेऊन. सकाळी डोंगर उतरायचा, वाटेत सरपण तोडायचं, त्यांचा तो रोजचा संसार आहे. ऑफिसच्या ओट्याला पाच-सहा मोठे खिळे ठोकलेत. आला की कुऱ्हाड तिथं अडकवतो, पोराला भेटतो, जाताना घेऊन जातो. कोणी तपासत नाही, कोणी विसरतही नाही. आमच्या फाटकाला चौकट लावली तर पहिल्या तासात अर्धा गाव गुन्हेगार ठरेल.

तापीकाठ (शुक्रवार, रात्री ८:५५)

आज मंडपवाले दादांची चौकट लावून बघितली. दादा, उपकार झाले. डिझेलचे पैसे घेतले नाहीत ते नाहीतच.

शाळेची घंटा दहा चाळीसला. खेड्यांवरच्या तीन गाड्या दहा वीस ते दहा पस्तीसमध्ये एकामागोमाग येतात, म्हणजे गावातली धरून चारशे पोरं एकदम फाटकावर. चौकट फाटकाच्या आत आठ-दहा पावलांवर लावली, दोन टेबलं, मुलांकडं दोन सर, मुलींकडं दोन मॅडम. पहिलं पोरगं शिरलं, वाजली. स्टीलचा डबा. दुसरं, वाजली. पाण्याची बाटली. मग कंपासपेटी, पट्ट्याचं बक्कल, हातातलं कडं, सायकलची किल्ली, पैंजण. आठवीतल्या एका मुलीजवळ काहीच नाही तरी दोनदा वाजली. मॅडमनी बाजूला घेऊन विचारलं तर हाताचं ऑपरेशन झालेलं, आत सळई. सगळ्या रांगेसमोर ती रडवेली झाली. पंधरा मिनिटांनी मॅडम आपसूकच म्हणायला लागल्या, 'डबा ना? जा, जा.' मशीन वाजतंय आणि पोरं पुढं चाललीत.

एका सहावीतल्या पोराच्या पिशवीत विळा निघाला, गोणपाटात नीट गुंडाळलेला. शाळा सुटली की वाटेतल्या वावरातून म्हशीला घास कापून नेतो. विळा घेतला तर म्हशीचं काय, असं त्यानं सरांनाच विचारलं. सातपुड्यातून सर, तुमचे खिळे आठवले. शिपायाच्या खोलीत एक खिळा आम्हीही ठोकला.

दहा चाळीसला राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा दोनशेवर पोरं फाटकाबाहेर रस्त्यावरच सावधान उभी राहिली. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न दाबून दाबून थकला. पहिला तास बुडाला तो बुडालाच. शस्त्र म्हणावं असं काही सापडलं नाही.

आणि जिभाऊ, मी मुद्दाम मागं जाऊन बघितलं. आमचीही भिंत पडकी आहे. दहावीची चार पोरं तिथून आत येत होती. मला बघून म्हणाली, काका, पुढं गर्दी आहे.

आता चाकू कसा सापडला ते. बाकावरच्या दुसऱ्या पोरानं पाण्याच्या टाकीजवळ मावशींना सांगितलं. सरांना नाही, घरीही नाही, मावशींना. मावशी शाळेत तेवीस वर्षं शिपाई आहेत, कोणाची बटणं तुटली की सुई-दोरा त्यांच्याकडंच असतो. त्यांनी मधल्या सुट्टीत पोराला हाक मारून दप्तर मागितलं. त्यानं मुकाट्यानं दिलं. बैठकीत त्यांचं नावसुद्धा कोणी घेतलं नव्हतं. मीही नाही.

खाकी_निवृत्त (शुक्रवार, रात्री ९:३०)

आणि त्यानं घेतला कशासाठी होता?

तापीकाठ (शुक्रवार, रात्री ९:५८)

साहेब, तुमच्या सांगण्यावरून काल ठाण्यात कळवलं. बाल कल्याण अधिकारी साध्या कपड्यांत आले, बापाला आणि मावशींना जवळ बसवून बोलले. चाकू यात्रेतल्या दुकानातून घेतलेला. शाळेतल्या कोणासाठीच नव्हता.

शाळा पाचला सुटते. त्याच्या गावाकडं सरकारच्या मानव विकास योजनेची एसटी सव्वापाचला जाते, ती मुलींसाठी. पोरांसाठी पुढची गाडी सात वाजता. म्हणजे पावणेदोन तास स्टँडवर. तिथं शाळा सोडलेली तीन-चार मोठी पोरं बसतात. आधी पाच-दहा रुपये मागायचे, मग पास काढून घ्यायचे, एकदा त्याचे बूट घेतले. त्यानं घरी सांगितलं की बूट शाळेत हरवले. बापानं त्यावरून मारलं. बाप हे ऐकत बसला होता, त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही.

शाळेच्या फाटकावर विमानतळाचं यंत्र आणून बसवलं असतं तरी ते स्टँडच्या अलीकडंच राहिलं असतं.

भरीतपुरी (शुक्रवार, रात्री १०:१२)

बूट गेले तेव्हाच कोणी नीट विचारलं असतं तर... असो. पण तापीकाठ भाऊ, मी अजूनही म्हणते की काहीच न करणं बरोबर नाही. उद्या दुसऱ्याच्या दप्तरात निघाला आणि तो शाळेतल्याच कोणासाठी असला तर?

मंडपवाला (शुक्रवार, रात्री १०:४०)

ताई, मग हातात धरून फिरवायचं डिटेक्टर यंत्र घ्या. दोन-तीन हजारांत येतं. रोज सगळ्यांना नाही, आठवड्यातून एखाद्या दिवशी, कोणता दिवस ते आधी न सांगता, एखाद्या वर्गाला. मुलींना मॅडमनीच. कोणी 'अमक्याच्या दप्तरात काहीतरी आहे' असं कानावर घातलं तरी ते कामाचं. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याच्यावर मात्र फिरवत बसायचं नाही, हातानं तपासायचं.

तापीकाठ (तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:२०)

काय झालं विचारणारे निरोप आले, म्हणून लिहितो.

चौकटीचा ठराव बारगळला. अध्यक्ष थोडे नाराज आहेत, त्यांना फाटकाजवळ फोटो हवा होता. हातातली दोन यंत्रं घेतली. केळीवाल्या पालकांनी निम्म्याऐवजी सगळेच पैसे दिले आणि ते मागच्या भिंतीला लागले, पावणेदोनशे फूट नवी भिंत. पोरांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर चढायचं कुठून ते शोधलं. तक्रारपेटी लावली, तिच्यात आतापर्यंत तीन चिठ्ठ्या निघाल्या. दोन गणिताच्या सरांबद्दल, एक संडासाच्या कडीबद्दल. कडी बसवली.

मावशींना समितीच्या बैठकीला बोलावतो आता. त्या खुर्चीवर बसत नाहीत, दाराशी उभ्या राहतात, पण बोलतात.

आगाराला शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं, खाली सात गावांच्या सरपंचांच्या सह्या. दोन चकरा मारल्या. साडेपाचला एक गाडी पोरांसाठी द्यायचं कबूल केलं, सध्या एक महिन्यापुरतं. स्टँडवर संध्याकाळी पोलीस चक्कर मारतात, ती मोठी पोरं तिथून उठलीत. कुठं गेली माहीत नाही.

खाकी_निवृत्त (रविवार, दुपारी १२:०५)

रसवंतीजवळ बघा. स्टँडवरून उठवलं की तिथंच जातात.

जिभाऊ_शिरपूर (रविवार, दुपारी १२:४४)

बाकी बठ्ठं बेस व्हयनं. पन भाऊ, ती साडेपाचनी गाडी खरंच येस का?

तापीकाठ (रविवार, दुपारी १:१०)

शुक्रवारी वेळेवर आली. काल पंचवीस मिनिटं उशिरा. दोन्ही दिवस दुकान बंद करून मी स्टँडवरच होतो. रसवंतीकडंही बघून आलो, साहेबांचं बरोबर आहे.